एकट्याने मोटारीने देश ओलांडताना: कन्याकुमारी ते श्रीनगर प्रवासाची तयारी आणि क्रम

कन्याकुमारी ते श्रीनगर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ सुमारे ३,७०० किलोमीटर लांबीचा आहे. त्याचा बहुतांश भाग चारपदरी असल्यामुळे ज्याला गाडी नीट चालवता येते त्याला हा प्रवास जमेल असे वाटते, आणि रस्त्यापुरते ते खरेही आहे. बेत फसतो तो एकटेपणाचा हिशेब न केल्यामुळे. दोघे प्रवासाला निघतात तेव्हा शेजारी बसलेली व्यक्ती नकाशा पाहते, फाटा चुकू देत नाही, चालकाचे डोळे जड झाले की हाक मारते, जेवायला थांबल्यावर गाडीवर लक्ष ठेवते आणि संध्याकाळी ‘आज एवढे पुरे’ असे बजावते. एकट्याच्या प्रवासातही ही सगळी कामे करावीच लागतात. ती पूर्वतयारीत किंवा रोजच्या ठरलेल्या नियमांत घातली नाहीत, तर चालत्या गाडीत, एका हाताने, थकलेल्या डोक्याने करण्याची वेळ येते.

खालील टप्प्यांचा क्रम याच हिशेबाने लावला आहे. बहुतेक जण आधी सामान घेतात, मग मुक्काम ठरवतात आणि दिवस शेवटी मोजतात. प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्याला लागत असल्यामुळे हा क्रम नेमका उलट हवा.

टप्पा १: आधी दिवस मोजा

एकट्या चालकाने दिवसाला सरासरी ३०० ते ३५० किलोमीटर धरावेत आणि ४५० ही कमाल मर्यादा मानावी. चारपदरी रस्त्यावर वेगमापक ९० दाखवत असला, तरी थांबे, टोलनाके, गावे आणि दुरुस्तीची कामे धरून तासाची सरासरी ५५ ते ६० किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. त्यामुळे ४०० किलोमीटर म्हणजे सुमारे सात तास एकाच माणसाचे अखंड लक्ष. एखाद्या दिवशी ७०० किलोमीटर निघतातही, पण त्याची वसुली दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी होते, आणि लांबच्या प्रवासात धोका त्याच दिवसांत असतो.

या मर्यादेत बसणारी मुक्कामांची एक विभागणी अशी होते: मदुराई, कृष्णगिरी, अनंतपूर, हैदराबाद, आदिलाबाद, नागपूर, सागर, ग्वाल्हेर, पानिपत, पठाणकोट, उधमपूर आणि श्रीनगर. हे गाडी चालवण्याचे बारा दिवस झाले. आदिलाबाद ते नागपूर हा टप्पा मुद्दाम लहान, सुमारे २०० किलोमीटरचा ठेवला आहे, म्हणजे प्रवासाच्या मध्यावर गाडी गॅरेजमध्ये दाखवायला अर्धा दिवस मिळतो. ग्वाल्हेर ते पानिपत हा सर्वांत लांबचा टप्पा कमाल मर्यादेच्या जवळ जातो. तो जड वाटल्यास मथुरेला मुक्काम वाढवावा.

बारा दिवसांत किमान तीन मोकळे दिवस मिळवावेत. त्यांपैकी एक जम्मू ते श्रीनगर या भागासाठी राखून ठेवावा आणि काहीही झाले तरी आधी खर्च करू नये. त्याचे कारण टप्पा १० मध्ये आले आहे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे केवळ कन्याकुमारी ते श्रीनगर एवढेच अंतर मोजणे. पुण्याहून निघणाऱ्याला कन्याकुमारी गाठायलाच साधारण दीड हजार किलोमीटर लागतात आणि श्रीनगरहून परतायला दोन हजारांहून अधिक. म्हणजे ३,७०० किलोमीटरचा वाटणारा प्रवास प्रत्यक्षात सात हजारांच्या पुढे जातो. एवढी रजा नसेल, तर नागपूर मध्ये धरून एका वर्षी दक्षिण भाग आणि दुसऱ्या वर्षी उत्तर भाग करावा. घाईने पूर्ण केलेल्या प्रवासापेक्षा दोन भागांत शांतपणे केलेला प्रवास मला केव्हाही योग्य वाटतो.

*तपासणी: रजेच्या दिवसांतून जाण्याचे, परतीचे आणि मोकळे दिवस वजा केल्यावर काही उरते का? उरत नसेल, तर इथेच मार्ग लहान करा.*

टप्पा २: महिना ठरवा

एकाच प्रवासात चार वेगळी हवामाने लागतात, म्हणून संपूर्ण मार्गावर उत्तम असा महिना नाही. कमीत कमी त्रासाचा काळ निवडावा लागतो. तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत असतो. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर उत्तर प्रदेश, हरियाणा आणि पंजाबात दाट धुके पडते. एप्रिल ते जूनमध्ये तेलंगण, विदर्भ आणि बुंदेलखंड अतिशय तापतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये जम्मू-श्रीनगर रस्त्यावर दरडी कोसळतात आणि अमरनाथ यात्रेच्या काळात वाहतुकीवर निर्बंध असतात.

हे सगळे वजा केल्यावर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिणेकडून निघून ऑक्टोबरच्या मध्याला काश्मीरात पोहोचणे सर्वांत सोयीचे ठरते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात निघणे हा दुसरा पर्याय आहे, परंतु मार्चमध्ये जम्मू आणि काश्मीर खोऱ्यामधल्या पीर पंजाल डोंगररांगेत पाऊस आणि बर्फ असू शकतो, हे धरून मोकळे दिवस वाढवावे लागतात.

टप्पा ३: गाडी, आणि ती एकट्याने हाताळण्याचा सराव

सर्व्हिसिंग निघण्याच्या तीन आठवडे आधी करून घ्यावे. आदल्या दिवशी गॅरेजमधून आणलेली गाडी घेऊन थेट निघणे ही फार मोठी चूक आहे, कारण सैल राहिलेला पाइप किंवा चुकीचा बसलेला भाग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच लक्षात येतो.

टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटर झाली की कायद्याने तो टायर संपला, पण एवढ्या लांब प्रवासाला निघताना किमान तीन मिलिमीटर खोली हवी. टायरच्या बाजूवर कोरलेल्या उत्पादन-संकेताचे शेवटचे चार अंक पाहावेत. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. खाचा चांगल्या असल्या तरी पाच-सहा वर्षांचा टायर बदलावा. स्टेपनीतील हवा न तपासता निघणारे फार आहेत. स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असेल, तर तिच्यावर छापलेली वेगमर्यादा (बहुधा ताशी ८० किलोमीटर) वाचून ठेवावी. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर तपासून घ्यावी. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट आणि वायपरची रबरे यांची खात्री गॅरेजमध्ये समोर उभे राहून करून घ्यावी.

त्यानंतर एक काम स्वतःच्या हाताने करावे. घराजवळच्या सपाट जागेवर, गाडीसोबत आलेला जॅक आणि पाना वापरून, एकदा संपूर्ण चाक बदलावे. गॅरेजमध्ये चाकाचे नट हवेच्या यंत्राने इतके घट्ट आवळलेले असतात की गाडीतल्या आखूड पान्याने ते हलतही नाहीत, आणि ही गोष्ट महामार्गाच्या कडेला कळण्याऐवजी घरापाशी कळलेली बरी. नट निघत नसतील, तर लांब दांड्याचा पाना विकत घ्यावा. चाकांना कुलपी नट असतील, तर त्यांची चावी पान्याजवळच ठेवावी.

एकट्याला काही गोष्टी दिसतच नाहीत. ब्रेकचे दिवे ही त्यांतलीच एक. गाडी मागे घेत भिंतीजवळ आणावी, ब्रेक दाबावा आणि आरशात भिंतीवरचा लाल उजेड दोन्ही बाजूंना पडतो का ते पाहावे. रोज अंधार पडल्यावर मुक्कामी ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते.

साधने निवडताना ‘हे वापरायला दुसरा माणूस लागतो का?’ हा एकच प्रश्न विचारावा. बॅटरी उतरल्यावर गाडी सुरू करायच्या जंप केबलला दुसरी गाडी लागते, म्हणून तिच्यासोबत बॅटरीवर चालणारा जंप स्टार्टरही घ्यावा. हातात धरायच्या टॉर्चऐवजी डोक्याला बांधायचा दिवा घ्यावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. याखेरीज हवा भरायचा छोटा पंप, ट्यूबलेस टायरचा पंक्चर संच, परावर्तक त्रिकोण, परावर्तक जाकीट, गाडी ओढायचा दोर, लहान अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि पाच लिटर पाणी पुरे. सगळे सामान डिकीत मावले पाहिजे. मागच्या सीटवर दिसणारी बॅग, गाडी उभी करून जेवायला गेल्यावर, काच फोडायला पुरेसे कारण ठरते.

*इशारा: त्रिकोण, पाना आणि जॅक सामानाच्या तळाशी ठेवू नका. भर रस्त्यावर डिकी रिकामी करत बसणे अतिशय धोक्याचे आहे.*

टप्पा ४: कागदपत्रे, फास्टॅग, पैसे आणि फोन

आरसी, वाहन चालवण्याचा परवाना, विमा आणि पीयूसी ही चार कागदपत्रे डिजीलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवली तरी कायद्याने ग्राह्य आहेत. तरीही छापील प्रती सोबत ठेवाव्यात, कारण नेटवर्क नसलेल्या जागी तपासणी होऊ शकते. गाडी स्वतःच्या नावावर नसेल, तर मालकाचे सहीचे संमतिपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी. याच बाबतीत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: विम्यासोबत येणारे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण गाडी चालवणाऱ्या मालकासाठी असते. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगी चालवत असेल, तर ते संरक्षण तिला लागू होत नाही. तिने स्वतंत्र पॉलिसी घ्यावी. रस्त्यावरील मदतीची सोय विम्यात असल्यास गाडी किती किलोमीटरपर्यंत ओढून नेतात आणि जम्मू-काश्मीर त्यात आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

फास्टॅगची केवायसी पूर्ण आहे आणि तो याच गाडीच्या क्रमांकाशी जोडलेला आहे याची खात्री आठवडाभर आधी करावी. १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार फास्टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट पथकर पडतो. वार्षिक पास घेतला असेल, तर तो एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत चालतो, पण केवळ राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. हैदराबादच्या बाह्य वर्तुळ मार्गासारख्या राज्याच्या अखत्यारीतील रस्त्यांसाठी नेहमीची शिल्लकही हवी.

फोनच्या बाबतीत एकट्याने फार जपून राहावे. नकाशा, पैसे, कागदपत्रे आणि घरच्यांचे क्रमांक हे सगळे एकाच फोनमध्ये असेल, तर तो हरवल्यावर प्रवासी पूर्णपणे अडकतो. म्हणून वेगळ्या कंपनीचे सिम असलेला दुसरा साधा फोन डिकीत ठेवावा, सहा महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत, आणि रोख रक्कम दोन वेगळ्या जागी ठेवावी. बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे किमान एक क्रमांक पोस्टपेड करून घ्यावा. हा बदल व्हायला वेळ लागतो. तो पठाणकोटला पोहोचल्यावर सुचून उपयोग नाही.

टप्पा ५: मार्गाची वही

नकाशाचे ॲप वळण सांगते, पण पुढच्या दीडशे किलोमीटरमध्ये काय येणार आहे ते सांगत नाही. ते काम सोबत्याचे असते आणि ते वहीत उतरवता येते. प्रत्येक दिवसासाठी एक पान करावे. त्यावर ओळीने पाच-सहा मोठी गावे व त्यांमधील अंतरे, कोणते बाह्यवळण घ्यायचे, थांबण्याच्या दोन जागा, मुक्कामाचा पत्ता व फोन, वाटेतील एक मोठे रुग्णालय, आणि त्या त्या जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. रोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी ते पान एकदा मोठ्याने वाचावे. त्याखेरीज सगळ्या राज्यांचे नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवावेत.

मोठ्या शहरांबाबत माझा नियम असा की शहर ओलांडून पलीकडच्या टोकाला मुक्काम करावा, म्हणजे सकाळची सुरुवात मोकळ्या रस्त्यावर होते. हैदराबादला दक्षिणेकडून येताना शमशाबादजवळ बाह्य वर्तुळ मार्गावर चढून मेडचलच्या बाजूला उतरावे आणि तिथेच राहावे. दिल्लीत तर शिरूच नये: पलवलला पूर्व परिघीय द्रुतगती मार्ग घेतला की सुमारे १३५ किलोमीटरवर कुंडलीला पुन्हा महामार्ग ४४ मिळतो. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर निर्बंध आहेत, आणि प्रदूषण वाढल्यावर बीएस-३ पेट्रोल व बीएस-४ डिझेल (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी मानक) गाड्यांवरही ते लावले जातात. गाडी या प्रकारात मोडत असेल, तर निघण्यापूर्वी आणि ग्वाल्हेरला असताना असे दोनदा नियम पाहावेत. बंगळूरू हे या मार्गावरचे सर्वांत वेळखाऊ शहर आहे. सुरुवातीची तारीख अशी धरावी की ते रविवारी सकाळी ओलांडता येईल.

नागपूर ते सिवनी हा भाग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. प्राण्यांना जाण्यासाठी तिथे महामार्गाखालून मोठे मार्ग बांधले आहेत. हा पट्टा उजेडी ओलांडावा आणि जंगलात गाडी थांबवू नये.

*तपासणी: फोन बंद ठेवून फक्त वहीच्या आधारे उद्याचा मार्ग तोंडी सांगता येतो का?*

टप्पा ६: घरी कळवण्याची पद्धत

‘लाइव्ह लोकेशन चालू आहे’ एवढ्यावर भागत नाही. बॅटरी संपते, नेटवर्क जाते, आणि ठिपका हलत नाही म्हणजे जेवण चालू आहे की अपघात झाला आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी एकाच व्यक्तीशी ठराविक करार करावा. निघताना, दुपारी थांबल्यावर आणि मुक्कामी पोहोचल्यावर असे तीन संदेश पाठवायचे, आणि संध्याकाळी सातपर्यंत तिसरा संदेश आला नाही तर त्या व्यक्तीने काय करायचे ते लिहून द्यायचे: सात वाजता दोन्ही फोनवर संपर्क, साडेसातला मुक्कामाच्या हॉटेलला फोन, साडेआठला पोलिसांना.

इथे एक अडचण आहे. ११२ हा क्रमांक फोन करणाऱ्याला त्याच्याच राज्याच्या नियंत्रण कक्षाशी जोडतो. तुम्ही मध्य प्रदेशात असताना महाराष्ट्रातून घरच्यांनी ११२ लावला, तर तो महाराष्ट्र पोलिसांकडे जाईल आणि वेळ वाया जाईल. म्हणूनच वहीच्या प्रत्येक पानावर जिल्ह्याचा पोलीस नियंत्रण कक्ष लिहायचा आहे. वहीची पूर्ण प्रत, गाडीचा क्रमांक आणि रंग, रक्तगट, रोजची औषधे व विम्याची प्रत या व्यक्तीकडे असू द्यावी. निवडलेली व्यक्ती घाबरट नसावी आणि विसरभोळीही नसावी.

टप्पा ७: चाचणी प्रवास

निघण्यापूर्वी दोन आठवडे आधी, सगळे सामान भरून, एकट्याने दोन दिवसांचा सुमारे ७०० किलोमीटरचा प्रवास करावा. अनोळखी गावी मुक्काम करावा, संदेशांची पद्धत पाळावी आणि वहीचे पान वापरावे. पाठ किती तासांनी दुखते, झोप दुपारी किती वाजता येते, कोणती वस्तू वारंवार लागते आणि कोणती नुसतीच भार आहे, हे यातून कळते. हा टप्पा बहुतेक जण वगळतात. माझ्या मते बाकी तयारी थोडी कमी झाली तरी चालेल, पण हा टप्पा वगळू नये.

टप्पा ८: रोजचा दिनक्रम

डिझेल-पेट्रोल संध्याकाळी मुक्कामाच्या गावी भरावे आणि दिवसभरात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. पंपावर उतरताना चावी काढून घ्यावी, दरवाजे बंद करावेत, मापकावर शून्य पाहावे, आणि त्याच वेळी दुसरा कोणी काच पुसण्याच्या किंवा ऑइल दाखवण्याच्या निमित्ताने बोलू लागला तर त्याला थांबायला सांगावे.

सकाळी टायर थंड असतानाच हवा तपासावी, कारण चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला असतो. गाडीखाली कोणताही डाग दिसत नाही ना ते पाहावे. सहाच्या सुमारास, उजाडताना निघावे. पहिल्या दोन तासांत सर्वाधिक अंतर कापले जाते.

त्यानंतर दर दोन तासांनी, थकवा वाटो न वाटो, पंधरा मिनिटे गाडीबाहेर थांबावे. थकलेल्या मेंदूला स्वतःचा थकवा ओळखता येत नाही, म्हणून हा निर्णय भावनेवर न सोडता घड्याळावर सोडावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी जवळजवळ ९० मीटर चालकाविना जाते. मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत, पट्टीवरून चाक घसरते, वेग आपोआप कमी-जास्त होतो, ही लक्षणे दिसली की पुढचा पंप किंवा विश्रांतीची जागा गाठायची, इंजिन बंद करायचे, दरवाजे आतून लावायचे, काच बोटभर उघडी ठेवायची आणि वीस मिनिटांचा गजर लावून झोपायचे. गाणी मोठ्याने लावणे किंवा तोंडावर गार वारा घेणे यांनी झोप जात नाही. चहा-कॉफीचा परिणाम जाणवायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून ती झोपण्यापूर्वी घ्यावी. दुपारी दोन ते चार ही वेळ बहुतेकांना जड जाते. जेवण हलके ठेवावे आणि शक्य असल्यास तोपर्यंत मुक्कामी पोहोचावे.

मावळतीनंतर गाडी चालवू नये. दिवे नसलेले उभे ट्रक, परावर्तक नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रस्त्यावर बसलेली जनावरे आणि उलट दिशेने येणारी वाहने रात्री फार उशिरा दिसतात, आणि एकट्या चालकाला रस्त्यावर दुसऱ्या डोळ्यांचा आधार नसतो.

मुक्काम आवारात पार्किंग असलेल्या ठिकाणी, फोनवर बोलून खात्री केल्यानंतरच ठरवावा. ‘एकटेच आहात का?’ या प्रश्नाला चहाच्या टपरीवर किंवा पंपावर खरे उत्तर देण्याची गरज नाही. पुढच्या मुक्कामाचे नावही सांगू नये.

*इशारा: शेजारून जाणारा दुचाकीस्वार ‘चाकातून धूर येतोय’, ‘ऑइल गळतंय’ अशा खुणा करत असेल, तर निर्जन जागी थांबू नका. गाडी काही वेगळी चालते आहे का ते जाणवून घ्या, वेग कमी करा आणि वर्दळीच्या पंपावर जाऊनच उतरा.*

टप्पा ९: रस्त्यात अडचण आली तर

गाडी बंद पडू लागल्यास हॅझर्ड दिवे लावून ती जितकी डावीकडे घेता येईल तितकी घ्यावी. परावर्तक जाकीट घालून डाव्या दाराने उतरावे, त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर, शक्यतो त्याहून दूर ठेवावा, आणि कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. गाडीत बसून मदतीची वाट पाहणे हे महामार्गावर सर्वांत धोकादायक आहे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ लावावा. ठिकाण सांगताना जवळच्या दगडावरचा किलोमीटर सांगावा. त्यासाठी चालताना अधूनमधून दगड वाचण्याची सवय ठेवावी.

उजव्या बाजूचे चाक पंक्चर झाले आणि कडेला पुरेशी जागा नसेल, तर तिथे चाक बदलायला बसू नये. हॅझर्ड दिवे लावून अगदी हळू पुढच्या पंपापर्यंत किंवा रुंद जागेपर्यंत जावे. टायर वाया जाईल, जाऊ द्यावा.

अपघात झाल्यास ११२ किंवा १०८ वर मदत मागावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमाव आक्रमक होत असेल, तर तिथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. ही माहिती घरच्या व्यक्तीलाही असावी. गाडी हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे.

टप्पा १०: जम्मू ते श्रीनगर

इथपर्यंतचे नियम इथे अपुरे पडतात, कारण हा रस्ता चालू असेल की नाही हे आपल्या हातात नसते. चेनानी ते नाशरी हा सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा २०१७ मध्ये, तर बनिहाल ते काझीगुंड हा सुमारे साडेआठ किलोमीटरचा बोगदा २०२१ मध्ये खुला झाल्यामुळे दोन अवघड भाग टळले आहेत. पण त्यांच्या दरम्यानच्या रामबनच्या पट्ट्यात पाऊस झाला की दरडी आणि दगड खाली येतात. रस्ता कधी काही तासांसाठी, तर कधी अनेक दिवस बंद राहतो.

आदल्या संध्याकाळी जम्मू-काश्मीर वाहतूक पोलिसांची दुसऱ्या दिवसाची सूचना वाचावी. हलक्या वाहनांना कोणत्या दिशेने आणि किती वाजेपर्यंत सोडणार, हे त्यात दिलेले असते. सूचना अनुकूल असेल तर उधमपूरहून टाकी भरून, पाणी आणि कोरडे खाणे घेऊन पहाटे निघावे. सूचना प्रतिकूल असेल तर उधमपूरलाच थांबावे. मोकळा दिवस यासाठीच राखला होता. ‘पुढे जाऊन बघू’ म्हणून निघालेल्या गाड्या रामबनच्या आसपास रांगेत रात्र काढतात, आणि एकट्याला ते अधिक जड जाते. मुघल रोड हा दुसरा मार्ग नकाशावर दिसतो, परंतु तो पीर की गली या उंच खिंडीतून जातो आणि हिवाळ्यात बंद असतो. अनोळखी चालकाने ऐनवेळी एकट्याने तो पर्याय धरू नये.

दगड पडण्याची सूचना लावलेल्या जागी छायाचित्रासाठीही थांबू नये. बोगद्यात दिवे लावावेत आणि मार्गिका बदलू नये. उतारावर सतत ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवावी.

*तपासणी: आजच्या सूचनेची तारीख आजचीच आहे ना? समाजमाध्यमांवर जुन्या सूचना फिरत असतात.*

टप्पा ११: परतीचा प्रवास

श्रीनगरला किमान दोन रात्री गाडी न चालवता राहावे. त्या काळात ब्रेक पॅड, टायर आणि कूलंट दाखवून घ्यावे, कारण घाटाचा सगळा ताण नुकताच त्यांच्यावर पडलेला असतो. परतीला किलोमीटरची मर्यादा तीच ठेवावी. घर जवळ येऊ लागले की शेवटचे दोन टप्पे एकत्र करण्याचा मोह होतो. त्यासाठी शेवटचा मुक्काम आधीच पैसे भरून आरक्षित करावा, म्हणजे तो वगळणे जड जाते.

परतीचे दिवस नसतील, तर जम्मू किंवा दिल्ली परिसरातून गाडी वाहक ट्रकने पाठवून स्वतः रेल्वेने किंवा विमानाने परतता येते. गाडी ताब्यात देताना वाहतूकदाराचा विमा लेखी घ्यावा, चारही बाजूंची, आतली आणि वेगमापकाची छायाचित्रे त्याच्या माणसासमोर काढावीत, आतले सर्व सामान काढून घ्यावे आणि टाकीत इंधन थोडेच ठेवावे. गाडी ट्रकवर असताना टोलनाक्यावर तिचा फास्टॅग वाचला जाऊन पैसे कापले जात नाहीत ना, हे ती घरी पोहोचेपर्यंत रोज संदेशांत पाहावे, आणि कापले गेले असल्यास फास्टॅग दिलेल्या बँकेकडे लगेच तक्रार नोंदवावी.